आमच्या घरातली नागीण

पीडीएफ सासूबाईंच्या मोबाईलवर गेली आणि तिथून सगळा घोळ घरात शिरला. मागच्या वर्षी त्यांची शुगर तपासायला लॅबचा मुलगा घरी आला होता, तेव्हा नोंदवलेला नंबर त्यांचा होता. आमच्या पत्त्याला तोच चिकटून राहिला. मी फोर्टला ऑफिसात डबा उघडत होते आणि आईंचा मेसेज आला: "तुझा रिपोर्ट आलाय गं. थायरॉईडचा का? लाल अक्षरात काहीतरी आहे."

लाल अक्षरात होतं ते असं: एचएसव्ही-२ आयजीजी, १.४, पॉझिटिव्ह. म्हणजे हर्पीसच्या टाइप २ विषाणूविरुद्धची अँटिबॉडी माझ्या रक्तात सापडली होती.

आधी त्या आठवड्यात काय झालं होतं ते सांगते.

जूनचा शेवट, पाऊस नुकता लागलेला. रविवारी संध्याकाळी नवरा अंग मोडून पडला. कणकण, डोकं जड, आणि म्हणाला, "जांघेत अवधाण आलंय." तो बांधकामाच्या साइटवर असतो. दिवसभर ओले बूट, ओली पँट. सोमवारी जवळच्या डॉक्टरांकडे गेला, त्यांनी लांबूनच बघून पावसाळ्यातली बुरशी ठरवली आणि खाजेचं मलम लिहून दिलं. मलम लावल्यावर तो अक्षरशः ओरडला.

त्या रात्री बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली, मोबाईलचा टॉर्च धरून मी बघितलं. साबुदाण्याएवढे सहा-सात फोड, एकमेकांना खेटून, खालची कातडी लालबुंद. दोन फुटलेले, त्यांच्या जागी ओली चकती. लघवी करताना तो भिंतीवरचा नळ घट्ट धरून उभा राहत होता. मला त्याची दया यायला हवी होती. पण मी पहिला प्रश्न विचारला तो हा: "मे महिन्यात नाशिकला पंधरा दिवस होतास. तिथे कोणाबरोबर होतास?"

तो काहीच बोलला नाही. नळ धरून उभाच राहिला. त्याच्या गप्प बसण्याचा मी मला हवा तो अर्थ लावला.

बुधवारी दादरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' असं होतं. गुप्तरोग हा शब्द मी लहानपणापासून लोकलच्या डब्यातल्या स्टिकरवर आणि रुळांकडेच्या भिंतींवरच वाचत आले. त्यामुळे रिसेप्शनवर नाव सांगताना आपोआप आवाज खाली गेला. बाईंचा आवाज मात्र अजिबात खाली गेला नाही. त्यांनी हातमोजे घातले, नीट बघितलं, आणि सर्दी झालीय म्हणावं तसं म्हणाल्या, "हर्पीस दिसतंय. पहिल्यांदाच उठलंय, म्हणून ताप आणि गाठी. खात्रीसाठी स्वॅब घेऊ."

एक भरलेला फोड सुईनं अलगद उघडला, त्याच्या बुडाशी काडी फिरवली आणि काडी गुलाबी पाण्याच्या नळीत मोडून टाकली. कोविडच्या वेळी नाकात घालायचे तशीच काडी आणि तसंच गुलाबी पाणी. त्यावर पीसीआर होणार होती. पीसीआर विषाणूच शोधते आणि तो टाइप १ आहे की टाइप २ हेही सांगते. "चांगलं झालं लवकर आलात," त्या म्हणाल्या. "खपली धरली की काडीला काही सापडेलच असं नाही, आणि मग निगेटिव्ह रिपोर्टला फारसा अर्थ राहत नाही." रिपोर्टची वाट न बघता असायक्लोव्हिर सुरू केलं, ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दहा दिवस. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त घेतलं, कारण खालच्या बाजूला जखम असली की त्या दोन्ही बघायच्याच असतात.

"माझं काय?" मी विचारलं.

"तुम्हाला काही त्रास आहे का?"

"नाही."

"मग हर्पीसची रक्ततपासणी आत्ता नको. आधी ह्यांचा टाइप कळू दे."

मी दिवसभर विम्याचे क्लेम तपासते. कागद नसेल तर माझ्या जिवाला चैन पडत नाही. घरी येऊन त्याच रात्री मोबाईलवर दोघांसाठी 'फुल पॅकेज' बुक केलं, दुसऱ्यावर सूट होती. सकाळी मुलगा येऊन दोघांचं रक्त घेऊन गेला. बाईंनी नको म्हटलेलं असताना हे मी केलं, आणि पुढचा आठवडा त्याचं फळ भोगलं.

तर तो रिपोर्ट. नवऱ्याच्या कागदावर टाइप १ आयजीजी निगेटिव्ह, टाइप २ आयजीजी निगेटिव्ह. माझ्या कागदावर टाइप १ ठळक पॉझिटिव्ह, आकडा पाचाच्या वर. टाइप २, १.४ म्हणजे पॉझिटिव्ह, कारण त्यांच्या छापील हिशोबात ०.९ च्या खाली निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह, मधलं अधांतरी. आणि शेवटी 'एचएसव्ही १ व २ आयजीएम: पॉझिटिव्ह'. आयजीएम म्हणजे ताजं इन्फेक्शन, असं मी पाच मिनिटांत वाचून काढलं.

म्हणजे कागदानुसार ज्याला फोड आलेत त्याला काही नाही, आणि जिला काही नाही तिला दोन्ही, तेही ताजे. आमच्याकडे असा क्लेम आला असता तर 'कागदपत्रे परस्परविरोधी' असा शेरा मारून मी परत पाठवला असता. पण ते आठवायला डोकं ठिकाणावर हवं. माझं डोकं सात वर्षांमागच्या एका नात्याचे महिने मोजत होतं. लग्नाआधीचं, नवऱ्याला माहीत असलेलं. रात्री तो एवढंच म्हणाला, "तुला कधी काही झालं होतं का?" मी नाशिकवरून ज्या आवाजात विचारलं होतं त्यापेक्षा फार बऱ्या आवाजात. तरी मला ते झोंबलं.

इकडे आईंनी पीडीएफ मोठी करून 'हर्पीस' शब्द शोधून काढला होता. स्वयंपाकघरात मला गाठलं. "अगं, नागीण ना ही? आमच्या थोरल्या जावेला झाली होती, कमरेवर. कोणाला, तुला की त्याला?"

"त्याला," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

"वेटोळं पूर्ण होऊ देऊ नका हं. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस राहत नाही. गेरू आणून ठेवते."

नागीण ही हर्पीस झोस्टर. कांजिण्यांचा विषाणू नसांत वर्षानुवर्षं दडून राहतो आणि मग पट्ट्यासारखा उठतो. नवऱ्याचा हर्पीस सिम्प्लेक्स. दोन्ही एकाच कुळातले, पण वेगळे. नागीण शरीरसंबंधातून येत नाही, आणि वेटोळं पुरं झालं म्हणून कोणी मरतही नाही. हे सगळं मी त्या क्षणी आईंना सांगू शकले असते. सांगितलं नाही. वाटीत कालवलेला गेरू बाथरूमच्या कट्ट्यावर चार दिवस वाळत पडला होता.

लॅबला फोन करून तक्रार केली, माझा रिपोर्ट दुसऱ्याच्या नंबरवर का पाठवला म्हणून. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं फॅमिली अकाउंट आहे."

शनिवारी परत दादर. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि आधी माझ्याकडे बघितलं. "नको म्हटलं होतं ना?" मग बॉलपेन घेऊन आयजीएमची ओळ आडवी खोडली. सरळ खोडलीच. म्हणाल्या, हर्पीसमध्ये या तपासणीवर काही ठरवू नका. ती टाइप १ आणि टाइप २ नीट वेगळे करत नाही, जुनाच विषाणू पुन्हा जागा झाला तरी पॉझिटिव्ह येते, काही नसतानाही येते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या मार्गदर्शनात ती वापरू नका असंच म्हटलंय. आपल्याकडे गरोदर बायकांच्या 'टॉर्च' नावाच्या संसर्गांच्या तपासणीत ती सर्रास असते आणि दर आठवड्याला कोणीतरी रडत त्यांच्यासमोर येऊन बसते.

मग १.४ भोवती गोल केला. "हा आकडा पॉझिटिव्ह छापलाय, पण कमी पॉझिटिव्ह आहे. १.१ ते ३ यांच्यात खोटे पॉझिटिव्ह खूप. टाइप १ च्या अँटिबॉडी जोरात असल्या की टाइप २ च्या तपासणीत कधी कधी त्यांचीच सावली पडते." २०२३ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं याच रक्ततपासण्यांच्या खोट्या पॉझिटिव्हबद्दल डॉक्टरांना आणि लॅबना सावध केलं होतं, तेही त्यांनी सांगितलं. खातरजमेसाठी वेस्टर्न ब्लॉट नावाची तपासणी खरी, पण ती इथे सहज मिळत नाही. तीन महिन्यांनी परत बघू.

"आणि ह्याचं निगेटिव्ह?"

"ते बरोबर आहे. आणि तेच सगळ्यात उपयोगाचं आहे."

हे मला दोनदा समजावून घ्यावं लागलं. आयजीजी म्हणजे विषाणू नव्हे, विषाणूला शरीरानं दिलेलं उत्तर. ते तयार व्हायला आठवडे लागतात, सगळ्यांत यायला बारा ते सोळा आठवडेही. नवऱ्याचं रक्त फोड आल्यावर पाचव्या दिवशी घेतलेलं. फोडात विषाणू आहे पण रक्तात उत्तर नाही, याचा अर्थ विषाणू नवा आहे. जुना असता, लग्नाच्याही आधीचा, तर आयजीजी आधीच पॉझिटिव्ह दिसायला हवी होती. पहिल्यांदा फोड उठले म्हणजे विषाणू आत्ताच आला असं दर वेळी नसतं. कित्येक जणांत तो वर्षानुवर्षं गुपचूप असतो आणि भलत्याच दिवशी उठतो. घरोघरी त्यावरून तंटे होतात.

एवढ्यात त्यांच्या संगणकावर पीसीआरचा निकाल आला. एचएसव्ही-१.

बाई मागे टेकल्या. "तुमच्या ओठावर कधी फोड येतात का?"

लहानपणापासून येतात. वर्षातून एकदा-दोनदा, उन्हातून आले किंवा ताप आला की ओठाच्या डाव्या कोपऱ्यात आधी चुणचुण, मग पाण्याची पुटकुळी, मग खपली. आजी म्हणायची, रात्री पाल फिरली असेल तोंडावरून, आणि तूप लावायची. मी त्याला रोग कधी मानलंच नव्हतं. कोणी मानतं?

"शेवटचा कधी आला होता?"

मला आठवेना. नवऱ्यानं खिशातून मोबाईल काढला, चुलत बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो उघडले आणि एक माझ्यासमोर धरला. डोंबिवलीचा हॉल, जांभळी पैठणी, गडद लिपस्टिक, आणि लिपस्टिकखाली डाव्या कोपऱ्यात स्पष्ट दिसणारी खपली. तारीख रविवारच्या आठ दिवस आधीची. संसर्गापासून फोड यायला साधारण दोन ते बारा दिवस लागतात.

आम्ही तिघंही काही वेळ तो फोटो बघत होतो. साखरपुड्याहून त्या रात्री घरी आल्यावर काय काय झालं ते मला आठवलं, त्यालाही आठवलं. बाईंना सांगायची गरज पडली नाही. त्यांनी नुसतं म्हटलं, "तोंडातून खाली, हा रस्ता आता खूप दिसतो."

मी ज्याच्यावर नाशिक लादलं होतं त्याला ते माझ्याच तोंडून मिळालं होतं. बाईंनी तेवढ्यात मलाही अडवलं: "फोटो पुरावा नाही हं. रिपोर्टमध्ये टाइप असतो, माणसाचं नाव नसतं. शक्यता दाट आहे, एवढंच." टाइप १ जगात पन्नाशीच्या आतल्या ६४ टक्के लोकांत असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, म्हणजे साधारण ३८० कोटी माणसं. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, मावशीच्या पापीतून वगैरे. माझ्या आयजीजीच्या पाचाच्या वरच्या आकड्याचा अर्थ तेवढाच. तो कुठे आहे, कधी आला, हे रक्त सांगत नाही. माझ्या बाबतीत तो चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी बसलाय. आता नवऱ्याच्या बाबतीत कण्याच्या तळाशी बसलाय, आणि तिथून कायमचा जाणार नाही.

"मग आता त्याच्याकडून मला खाली येईल?" मी विचारलं, कारण हे विचारायलाच मी खरं तर आले होते.

सहसा नाही. टाइप १ माझ्याकडे आधीपासून आहे, शरीर त्याला ओळखतं, तोच टाइप दुसऱ्या जागी नव्यानं रुजणं विरळा. जखमा पूर्ण भरेपर्यंत संबंध नकोत. पुढे चुणचुण किंवा फोड असेल तेव्हा त्या जागेचा स्पर्श नको, माझ्या ओठाचाही. फोड नसतानाही विषाणू मधूनमधून कातडीवर येतो, बराचसा प्रसार तसाच होतो, म्हणून शंभर टक्के बंदोबस्त असा काही नसतो. ताटं-पेले वेगळे करायचे नाहीत. संडासच्या सीटवरून येत नाही. हे शेवटचं मी विचारलं आणि नवरा चेहरा झाकून हसला. आठवड्यात पहिल्यांदाच.

टाइप २ निघाला असता तर बोलणं वेगळं झालं असतं. ते मला आधीच्या रात्रींत वाचून पाठ झालं होतं. एकाला टाइप २ आणि दुसऱ्याला नाही अशा १४८४ जोडप्यांवरचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बाधित जोडीदारानं आठ महिने रोज व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम घेतलं तेव्हा १.९ टक्के जोडीदारांना संसर्ग झाला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांच्या जोडीदारांत ३.६ टक्क्यांना. म्हणजे औषधानं धोका जवळपास निम्म्यावर आला. कंडोमनं आणखी कमी होतो, पण कंडोम झाकेल तेवढीच कातडी झाकतो. पुरुषाकडून बाईला लागण्याचं प्रमाण उलट दिशेपेक्षा जास्त. टाइप २ पुन्हा पुन्हा उठतोही जास्त. कमरेखालचा टाइप १ त्या मानानं शांत असतो. मी हे सगळं बाईंसमोर घडाघडा म्हणून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "एवढं वाचलंत, मग आयजीएमचं कसं सुटलं?"

आम्ही पुढच्या वर्षी मुलाचा विचार करतोय, म्हणून तेही विचारलं. बाळाला खरा धोका असतो आईला गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात नव्यानं हर्पीस झाला तर, कारण तिच्या अँटिबॉडी बाळापर्यंत पोचलेल्या नसतात. जुना असेल तर धोका एक टक्क्याहूनही कमी. तरी डॉक्टरला सांगायचं, आणि बाळंतपणाच्या वेळी खाली फोड असले तर सिझेरियन. बाळ झाल्यावर माझ्या ओठावर पुटकुळी असेल तर मी त्याची पापी घ्यायची नाही. हे वाक्य मला आजही टोचतं, मूल अजून नसताना.

हे सगळं आम्ही खासगीत केलं आणि पॅकेजचे पैसे तर निव्वळ वाया घातले. सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं हे मला १०९७ या एड्सच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा कळलं. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषधं फुकट मिळतात. लक्षणांप्रमाणे रंगीत पाकिटं ठरलेली आहेत, हर्पीसच्या जखमांसाठी लाल, आत तीच असायक्लोव्हिर. लालबागहून परळला चालत दहा मिनिटं. कोणी सांगितलं असतं तर आधी तिथेच गेलो असतो. पण लोकलमध्ये या क्लिनिकचं स्टिकर मी तरी पाहिलेलं नाही.

नाशिकबद्दल मी माफी मागितली. भायखळ्याच्या पुलावर टॅक्सीत, पावसात, काचा बंद. तो म्हणाला, "तू विचारलंस त्याचं नाही वाईट वाटलं. मी उत्तर दिलं असतं तरी तू मानलं नसतंस, त्याचं वाटलं." खरंच मानलं नसतं. कागद आल्यावर मानलं. मी त्याला हे बोलले नाही, त्याला माहीतच होतं.

ऑक्टोबरात दोघांनी पुन्हा रक्त दिलं, या वेळी बाईंच्या चिठ्ठीवर आणि माझा नंबर दोनदा तपासून. नवऱ्याची टाइप १ आयजीजी पॉझिटिव्ह झाली होती, टाइप २ निगेटिव्ह. माझं टाइप २ एक पूर्णांक शून्य, म्हणजे अधांतरी. बाई म्हणाल्या, मी तरी याला निगेटिव्हच धरते, लक्षण आलं तर स्वॅब घेऊ. क्लेम तपासणाऱ्या बाईला 'अधांतरी' हा शेरा पचत नाही. फाइलमध्ये तो तसाच आहे. नवऱ्याला पुन्हा फोड आलेले नाहीत.

परवा आई गावी मोठ्या जाऊबाईंशी फोनवर बोलत होत्या. मी आत पोळ्या लाटत होते. "हो ना, नागीणच ती," त्या सांगत होत्या. "पण वेटोळं पूर्ण होऊ दिलं नाही. चार दिवस गेरू लावला, कुठच्या कुठे गेली." नवरा हॉलमध्ये पेपर वाचत होता. त्यानं पेपर थोडा वर धरला.